अण्णांच्या गाळ्याची किल्ली : सोलापुरातील पाच दिवस

११ जानेवारी : पुणे ते सोलापूर

संध्याकाळी सहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे सोडले तेव्हा माझ्याजवळ एक रिकामी मोठी पिशवी आणि भावाने फोनवर सांगितलेले एक वाक्य, एवढेच सामान होते. "ताई, गाळा महिनाअखेर सोडायचाय, त्यातलं काय ठेवायचं अन् काय द्यायचं, ते मला एकट्याला ठरवता येईना, तू ये." अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन वर्ष उलटले होते आणि वर्षश्राद्धही डिसेंबरात आटोपले होते, पण अशोक चौकाच्या मागच्या बोळातला तो दहा बाय बाराचा गाळा, ज्यात त्यांची हत्यारे, मागाचे सुटे भाग आणि सायकल होती, आम्ही अजून उघडला नव्हता. भाडे मात्र भाऊ दर महिन्याला न चुकता देत होता, आणि आईही त्याबद्दल काही बोलत नव्हती.

अण्णा आयुष्यात जेमतेम चार वेळा या गाडीने पुण्याला आले असतील. सोलापूरकर या गाडीचे नाव कधी पूर्ण घेत नाहीत, "हुतात्म्यानं आलो" एवढेच म्हणतात, आणि अण्णा तर तेवढेही म्हणत नसत. दारात उभे राहून चपला काढत "आलो" म्हणायचे. भिगवणच्या आसपास उजनीचा फुगवटा जवळ आला की खिडकीतून येणारी हवा एकदम गार होते, तशी ती आजही झाली. कुर्डुवाडीला चहा घेतला. मोहोळ आले तेव्हा सवयीने बाहेर पाहिले, पण अंधारात दिसण्यासारखे काहीच नव्हते. अण्णांचे गाव याच तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात, सोळाव्या वर्षी, ते दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले होते. तिथे वाटली जाणारी सुकडी त्यांनी एवढी खाल्ली की पुढे आयुष्यभर त्यांनी गोड भरड्याचा कुठलाही पदार्थ तोंडात घेतला नाही. विहीर आटली आणि बैल विकले, तेव्हा गावातल्या एका माणसाबरोबर ते सोलापूरला आले आणि मिलच्या दारात बदली कामगार म्हणून उभे राहिले. बदली कामगार म्हणजे रोज पहाटे फाटकाशी येऊन थांबायचे आणि कुणी गैरहजर असेल तर आत जायचे, नाहीतर परत. दोन वर्षे त्यांनी असे काढल्याचे आम्हांला आईकडून कळले होते. स्वतः त्यांनी ते कधी सांगितले नाही, आणि ते काहीच सांगत नाहीत अशी आम्हां भावंडांची समजूत होती.

दहाच्या सुमारास सोलापूर आले. भाऊ फलाटावरच उभा होता. घरी आईने कडक भाकरी कुस्करून वर शेंगांची आमटी ओतून ठेवली होती, आणि मी जेवत असताना ती शेजारी बसून मधूनमधून किल्लीकडे बघत होती. गाळ्याची किल्ली देवघराच्या खिळ्याला टांगलेली होती.

१२ जानेवारी : मिलची भिंत आणि पूर्व भागातला एक कारखाना

गाळा लगेच उघडायचे धैर्य कुणालाच झाले नाही. त्याआधी अण्णा जिथे जिथे काम करत तिथे जाऊन यावे, काही हत्यारे कुणाची आणलेली असतील तर ती परत करावी लागतील, असे कारण काढून आम्ही दोघे सकाळी भावाच्या मोटारसायकलवरून निघालो.

आजचा दिवस हुतात्मा दिन. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात सोलापूरने काही दिवस इंग्रजी अंमल झुगारून दिला होता, आणि त्याची किंमत शहराने लष्करी कायद्याने मोजली होती. पुतळ्यांना हार घालण्यासाठी गर्दी झाली होती. अण्णा दर वर्षी या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर सायकल उभी करून चारही पुतळ्यांना नमस्कार करत आणि घरी येत. मला लहानपणी वाटे की हे चौघे त्यांच्याच मिलमधले असावेत.

तिथून आम्ही मिलकडे गेलो. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या आणि शहराचे घड्याळ भोंग्यांच्या ताब्यात गेले. सकाळी सातची पाळी, दुपारी साडेतीनची आणि रात्री बाराची. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. आई भोंग्यावर तांदूळ टाकायची आणि भोंग्यावर उतरवायची. अण्णा ज्या मिलमध्ये होते, तिथे बदलीवरून ते कायम झाले, मग विणकर आणि त्यानंतर जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग दुरुस्त करणारा. नव्वदच्या दशकात एके दिवशी फाटकाला कुलूप लागले ते पुन्हा निघाले नाही. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मिळायला कितीतरी वर्षे लागली, आणि जे मिळाले त्यातून भावाचे एका वर्षाचे शिक्षण झाले. आता तिथे दगडी भिंतीचा एक तुकडा आणि वेड्या बाभळी आहेत. भाऊ म्हणाला, "फोटो काढायचा का?" मी नको म्हटले. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते, आणि अण्णांनीही मिल बंद पडल्यावर या रस्त्याने जाणे सोडले होते. दोन किलोमीटरचा वळसा घालून ते दुसऱ्या रस्त्याने जात.

मिल बंद झाली तेव्हा अण्णा चाळिशीला आले होते, घरात दोन शिकणारी मुले आणि घरी बसून टॉवेलच्या कडा शिवणारी बायको. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचे कारखाने होते आणि आजही आहेत; ते बहुतेक पद्मशाली समाजाचे, ज्यांचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी येथे आले आणि ज्यांच्या घरात आजही तेलुगू बोलली जाते. सोलापुरी चादर नावारूपाला आली ती याच वस्तीतल्या मागांवर. अण्णांना माग येत होता, तेलुगू येत नव्हती. तरी ते सायकल काढून कारखान्या-कारखान्यांत गेले, आणि मिलमधला जॉबर फिरता जॉबर झाला.

जॉबर म्हणजे काय, हे ज्याने माग पाहिला नाही त्याला सांगावे लागेल. चादरीचा माग हा जकार्डचा असतो. वर उंचावर भोके पाडलेले पत्ते एकमेकांना दोरीने शिवून माळेसारखे फिरत असतात. जिथे भोक असेल तिथला हूक उचलला जातो, त्याच्याबरोबर उभ्या धाग्यांतले ठरावीक धागे वर येतात आणि त्यांच्याखालून धोटा आडवा धागा घेऊन निघून जातो. मोराचा पिसारा असा एकेका पत्त्याने विणला जातो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे मारला जातो, त्यामुळे धोट्याला ढकलणारे पिकर झिजतात, चामडी पट्टे तुटतात, फणीत धागा अडकतो आणि माग थांबतो. विणकराची मजुरी नगावर असते, म्हणून थांबलेला माग म्हणजे त्या दिवसाची बुडालेली भाकरी. मालकाचे नुकसान होते ते वेगळेच, पण मालक उद्यापर्यंत थांबू शकतो. अण्णा रात्री अकराला निरोप आला तरी सायकल काढत, ते यासाठी. मला हे आज, त्या कारखान्यात उभे राहून कळले. तोवर मला वाटत असे की त्यांना घरात बसवत नाही.

कारखान्यात बारा माग होते. दारात पाय ठेवताच आवाज अंगावर आला. मी भावाला काही विचारले, ते मलाच ऐकू आले नाही. आत सगळे हातांनी आणि ओठांनी बोलत होते. एका विणकराने दोन बोटे कपाळाला लावून मालकाच्या खोलीकडे दाखवले आणि आम्हांला कळले. खोलीत मालकाची म्हातारी आई बसली होती. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि बाहेरच्या मुलाला ओरडून सांगितले, "अन्ना बिड्डा वच्चिंदी!" अण्णाची लेक आली. आमच्याकडे अण्णा म्हणजे वडील. तेलुगूत अन्ना म्हणजे थोरला भाऊ. गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे या बोळांत माझ्या वडिलांना शेकडो माणसे भाऊ म्हणून हाक मारत होती, हे मला ठाऊक नव्हते.

चहा आला. मग लोडशेडिंगच्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. वीज गेली की बाराही माग एकदम गप्प होत आणि सगळे कामगार बाहेर ओट्यावर येऊन बसत. अण्णा तेव्हा नकला करत. मिलमधला खाते-साहेब कसा चालायचा, पंचिंग करताना झोपलेला कारकून कसा घोरायचा, आणि शेवटी दोन्ही हात तोंडाशी धरून साडेतीनचा भोंगा. पहिल्यांदा हळू, मग चढत चढत, मग एकदम तुटल्यासारखा. "इकडं पोरं त्यो भोंगा ऐकून खरंच डबा घेऊन उठायची," असे म्हणत एक म्हातारा विणकर इतका हसला की त्याला खोकला आला. आमच्या घरात अण्णांनी कधी कुणाची नक्कल केलेली मला आठवत नाही. भावालाही नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

मी म्हटले, "पण घरात तर ते अगदी अबोल होते."

म्हातारा मागाच्या आवाजात बोलायच्या सवयीनेच बोलत होता. तो म्हणाला, "अबोल? त्येला ऐकायला येत नव्हतं की! उजवा कान तर पार गेलता, डावा अर्धा. आमचे बी गेलेत. तुमी हळू बोलणारी माणसं, तुमचं काय कळणार त्येला? मान डोलवायचा. तुमाला म्हाईत नाही?"

आम्हांला ते माहीत नव्हते.

रात्री बाळीवेशीजवळ ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक पाहिली. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या नगरीत स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांना आज तैलाभिषेक असतो, आणि सातही नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी कमरेच्या पट्ट्यावर पेलत गावभर फिरवतात. "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर झाला की भोवतालच्या घरांच्या खिडक्याही थरथरतात. अण्णा दर वर्षी या मिरवणुकीत ताशावाल्याच्या अगदी जवळ उभे राहायचे आणि आम्ही त्यांना हात धरून मागे ओढायचो. आज मी स्वतःच पुढे होऊन ताशाजवळ थांबले.

१३ जानेवारी : भोगी

सकाळी आईने भोगीची भाजी केली. वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, पावट्याच्या शेंगा, वर तिळाचे कूट, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. ती परातीत भाकरी थापत असताना मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि विचारले, "अण्णांना ऐकू येत नव्हतं हे तुला माहीत होतं?"

तिचा हात थांबला नाही. "मिलमध्ये असतानाच कमी यायला लागलं होतं. माग वाढले तसं वाढत गेलं."

"मग आम्हांला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाले. पोरं बाहेर शिकायला आहेत, त्यांना कशाला. आणि सांगून तुम्ही काय करणार होता? कानाचं मशीन घेतलं होतं एकदा, सिव्हिलच्या तपासणीनंतर. कारखान्यात लावून गेले तर डोक्यात घण मारल्यासारखं व्हायला लागलं, कारण त्यात मागाचाच आवाज मोठा होतो. काढून कपाटात ठेवलं. घरात लावा म्हटलं, तर म्हणाले, घरात काय ऐकायचंय, तुझं तर मला तोंडावरून कळतं."

एवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. मला मात्र पंचवीस वर्षांचे फोन आठवत राहिले. मी पुण्याहून बोलत असे, नोकरीचे, मुलाचे, घराच्या हप्त्यांचे, आणि पलीकडून येई, "बरं. बरं. ठेव मग." कितीदा मी फोन ठेवून नवऱ्याला म्हटले असेल की यांना आपल्याशी बोलायचेच नसते.

दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होता. सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागतो, ही या यात्रेमागची कथा. गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेच्या जत्रेतल्या, पाळण्यांसाठी येणाऱ्या पोरांना ती ठाऊक असतेच असे नाही, पण अक्षता टाकायला मात्र सारे गाव येते. सात नंदीध्वज तळ्याकाठी येऊन उभे राहिले, संमती वाचली गेली, आणि "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" या शब्दांबरोबर लाखभर हातांतून अक्षता उडाल्या. शेजारी एक कुटुंब कन्नडमध्ये बोलत होते, पलीकडे तेलुगू, मागे दोन मुस्लिम मुले कुणाच्या तरी खांद्यावरून बघत होती. अण्णांना सिद्धेश्वराच्या भक्तीपेक्षा या गर्दीतल्या आवाजाचे आकर्षण असावे, असा मला आता संशय येतो. एवढा मोठा आवाज त्यांना पुरता पोचत असणार. ते हातातल्या निम्म्याच अक्षता टाकत आणि उरलेल्या रुमालात बांधून आईसाठी आणत. भावाने आज तसेच केले. त्याला कुणी सांगितले नव्हते.

१४ जानेवारी : संक्रांत, आणि गाळा

गाळ्याचे कुलूप तेल सोडल्यावरच निघाले. आत वंगणाचा, सुताचा आणि चामड्याचा वास तसाच कोंडून होता. हा वास अण्णांच्या शर्टाला असे आणि आई तो सोड्याने धूत असे. भिंतीशी काळी चोवीस इंची सायकल, तिच्या दांड्याला गुंडाळलेली जुन्या धोतराची पट्टी, कारण लहानपणी मी त्या दांड्यावर बसत असे. खिळ्यांना ओळीने पाने. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत आकारानुसार लावलेले स्क्रू, आणि प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेली मापे. दोऱ्याने बांधलेल्या जकार्डच्या पत्त्यांच्या तीन माळा. पंचवीसेक धोटे, त्यांतले बरेचसे टोकाला चिरलेले. हे कुणाच्या कामाचे उरलेले नाहीत. पूर्व भागात आता बिनधोट्याचे रेपियर माग येत आहेत, काही कारखाने चादर सोडून टॉवेलवर गेले आहेत, आणि भौगोलिक मानांकन मिळूनही बाजारात सोलापुरीच्या नावावर पानिपतचा माल विकला जातो. अण्णांना याचा राग होता. पानिपतच्या चादरीला हात लावूनच ते ओळखत आणि कपाळाला आठी घालून परत ठेवून देत.

अण्णांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण जॉबर दहा वाजता आला. पाने, पिकर, पट्टे, जे जे चालण्यासारखे होते ते आम्ही त्याला दिले. तो पैसे देऊ लागला, भावाने घेतले नाहीत, मग त्याने वाकून सायकलच्या चाकाला हात लावला आणि विचारले, "ही देणार का?" भाऊ म्हणाला, "ही नको." एवढ्या एका गोष्टीवर आम्ही दोघांनी काही न ठरवता एकमत केले.

कोपऱ्यात लोखंडी पेटी होती. तिच्यात दैनंदिन्या होत्या, सूत-व्यापारी दिवाळीला देतात तशा, सुमारे वीस वर्षांच्या. सर्वांत जुन्या वहीच्या शेवटच्या पानांवर देवनागरीत लिहिलेले तेलुगू शब्द आणि त्यांच्यापुढे अर्थ होते. मग्गम : माग. नूलु : सूत. पडुगु : उभा धागा. पेका : आडवा. आगिंदी : थांबलं. नीळ्ळु : पाणी. बिड्डा : लेकरू. चाळिसाव्या वर्षी, सातवी शिकलेला माणूस रात्री कंदिलाशी बसून पोटापाण्यासाठी एक भाषा शिकत होता, आणि त्याच खोलीत मी दहावीचा अभ्यास करत होते. त्यांना कशाचा अभ्यास करता, असे मी विचारले असेन का? बहुधा नाही. शब्दांची निवड मात्र मला त्यांचीच वाटली. "पैसे" हा शब्द त्या यादीत कुठेही नव्हता.

आता ज्या पानाबद्दल लिहायचे आहे, ते २०११ च्या दैनंदिनीतले. त्या वर्षी ११ डिसेंबरला, रविवारी, आमच्या पुण्यातल्या घराची वास्तुशांत होती. आई आणि भाऊ चार दिवस आधीच येऊन राहिले होते. गुरुजींनी दिवस उशिरा पक्का केला म्हणून अण्णांना तारीख मी फोनवर सांगितली होती. त्यांनी "बरं" म्हटले होते. त्या रविवारी ते आले नाहीत. दिवसभर फोन उचलला नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "माग बंद पडला होता, येता आलं नाही." आईने त्यांच्याशी बोलणे टाळले, आणि मी पुढे बारा वर्षे ते मनात ठेवले. लेकीच्या घरापेक्षा कुणाचा तरी माग मोठा, असे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलेही होते. ते त्यांना ऐकू गेले की नाही, हे आता कसे कळणार?

११ डिसेंबरच्या पानावर लिहिले होते : मग्गम ३. पिकर १. पट्टा १. सकाळ, संध्याकाळ.

मी पुढची पाने उलटली. १८ डिसेंबर, रविवार. त्या पानावर ठळक अक्षरांत होते : पुणे. वास्तू. हुतात्मा ६.३०. धोतर, टोपी इस्त्री. आणि त्या सगळ्यावरून एक सरळ रेघ ओढलेली होती.

अकरा आणि अठरा.

मी ते पान भावापुढे धरले. तो उभ्या-उभ्या वाचत राहिला, मग सायकलच्या कॅरिअरवर बसला. बराच वेळाने तो म्हणाला, "सांगायचं तरी." पण काय सांगायचे होते त्यांनी? बंद पडलेल्या मागाला कुणी नावे ठेवत नाही. कानाला मात्र सगळे हसतात. मला वाईट वाटले, आणि थोडा रागही आला, तो अजून आहे. एका वाक्याने हे सगळे मिटले असते.

पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चादर निघाली. गुंडाळीवर पेन्सिलीने माझे लहानपणीचे नाव लिहिलेले होते. आमच्या घरात कधी पहिल्या प्रतीची चादर आली नाही; कारखान्यातून नापास झालेली, म्हणजे सेकंड, अण्णा कमी भावात आणत आणि आमच्या अंगावर टाकून म्हणत, "यात चूक कुठे आहे, शोधा." कुठे मोराला चोच नसे, कुठे वेलीचे पान उलटे, कुठे काठाची रेघ चार बोटे गायब. जो आधी शोधेल त्याला मधली जागा. ते एवढे बोलत, हे माझ्याकडून आजपर्यंत हिशेबात धरले गेले नव्हते.

संध्याकाळी तिळगूळ वाटून झाल्यावर आईला पान दाखवावे की नाही, यावर आम्ही दोघे गच्चीत कुजबुजत वाद घातला. शेवटी दाखवले. तिने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "त्या अठरा तारखेला पहाटे उठून आंघोळ करून बसले होते. मी म्हटलं, कुठं निघालात? तर म्हणाले, कुठं नाही." दैनंदिनी तिने आपल्या उशाशी ठेवून घेतली.

१५ जानेवारी : किंक्रांत, परत

करीच्या दिवशी घराबाहेर पडू नये, असे आईने काल रात्रीपासून तीनदा सांगितले; रात्रीचे होम मैदानावरचे दारूकामही बुडणार होते. पण उद्या शाळा होती आणि माझी रजा संपली होती. पहाटे साडेपाचला निघताना तिने पिशवीत शेंगा चटणीचा डबा आणि वीस कडक भाकरी कोंबल्या. किल्ली भावाने खिशात घेतली होती, मालकाला सकाळीच देऊन टाकायची म्हणून. मला सोडायला येताना मात्र तो बोळाच्या तोंडाशी क्षणभर थांबला आणि गाळ्याच्या कुलपाकडे पाहून पुन्हा निघाला.

गाडी वेळेवर सुटली. बाळे, पाकणी मागे पडले आणि उजाडू लागले, तेव्हा मी पिशवीतून ती चादर काढली. राणी रंगावर पांढरे मोर, चारही कोपऱ्यांत. पहिला मोर पूर्ण होता, दुसराही. काठाच्या चारही रेघा मी बोटाने तपासल्या. मोहोळ गेले. समोरच्या बाईंनी विचारले, "खराब निघाली का हो चादर?" मी म्हटले, "बघते आहे." वेलीची पाने मोजली, ती सगळी एकाच दिशेला होती. माढा गेल्यावर मला वाटू लागले की ही पहिल्या प्रतीची असावी, पूर्ण भावाने घेतलेली, आणि हे वाटणे मला मुळीच आवडले नाही.

कुर्डुवाडीच्या अलीकडे सूर्य खिडकीतून थेट मांडीवर आला तेव्हा ती सापडली. चौथ्या मोराच्या तुऱ्यात एक पत्ता पुढे सरकला होता; तीन पिसांऐवजी दोनच होती, आणि तिसऱ्याचा धागा मागच्या बाजूने सैल सुटून गेला होता. उलटून पाहिल्याशिवाय ती कुणाला दिसली नसती.

मी भावाला फोन लावला. त्याच्या मागे रस्त्याचा आवाज होता, म्हणून मी डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "सापडली! तुऱ्यात आहे!"

तो पलीकडून तितक्याच मोठ्याने म्हणाला, "मला वाटलंच!"